बाहुलीच्या पलंगावरची गादी

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मामा एका कपाचा कान ओढत होते.

कप नखाएवढा, आणि त्याचा कान म्हणजे तांदळाचा दाणा. तो यंत्राच्या चिमट्यात धरायचा, खाली वजन लावायचं आणि कान तुटून येतो का ते बघत उभं राहायचं, हे त्यांचं काम. बाहुल्यांच्या भांड्याकुंड्यांचे, खुर्च्या-पलंगांचे, बूट-पिशव्यांचे संच दुकानात जाण्याआधी त्यांच्या कचेरीत तपासायला येत. मामा ते ओढत, आपटत, पिळत. म्हणून कचेरीत त्यांना ताणमामा म्हणायचे. तोंडावर नुसतं मामा.

फोन सुनेचा होता. ती "बाबा" म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. मग मुलाने फोन घेतला.

"बाबा, आई गेली. दुपारी शिवणाच्या मशीनवर बसली होती, तिथेच. दवाखान्यात नेलं, पण काही उरलं नव्हतं. हृदय बंद पडलं म्हणाले."

"वजन लावलंय," मामा म्हणाले. "ते उतरवतो आणि निघतो."

त्यांनी वजन उतरवलं. चिमटा सैल केला. कपाचा कान जागच्या जागी होता. शेजारच्या टेबलावर रंगूताई एका चिमुकल्या खुर्चीचा रंग ओल्या फडक्याने घासत होती. खेळण्यांचा रंग सुटतो का ते पाहणं तिच्याकडे होतं, म्हणून ती रंगूताई. मामा तिला म्हणाले, "आज माझा चहा सांगू नको."

"का हो? मामींनी डबा जड दिला वाटतं?"

मामांनी पिशवी खांद्याला लावली. दारापाशी गेल्यावर त्यांना वाटलं, हिला सांगायला हवं. ते परत आले आणि त्यांनी सांगितलं. रंगूताईच्या हातातली खुर्ची खाली पडली. मामांनी ती उचलून बघितली, पाय शाबूत होते, म्हणून टेबलावर ठेवली आणि गेले.

मामी घरी कपडे दुरुस्त करून द्यायच्या. कुणाची बाही उंच, कुणाची कंबर सैल, कुणाच्या कोटाचं अस्तर फाटलेलं. पण अख्ख्या कचेरीत त्यांना ओळखायचे ते वेगळ्याच कारणाने. कचेरीत यंत्रावरच्या तपासणीनंतर प्रत्येक संचाचा घरमुक्काम असायचा. तपासणाऱ्याने संच घरी न्यायचा, चार-सहा दिवस घरातल्या पोराबाळांच्या हाती द्यायचा आणि मग त्यावर मत द्यायचं: हा संच खेळायला कसा आहे. यंत्राला ते कळत नाही. खरं सांगायचं तर मामांनाही ते फारसं कळत नसे. ते मामींना कळायचं.

मामी संच पाटावर मांडायच्या. नात असेल तर तिच्याबरोबर, नसेल तर एकट्याच, हातातलं शिवण बाजूला ठेवून. आणि मग एक दिवस जेवताना निकाल द्यायच्या.

"अहो, ह्या कपाटाला दार आहे, पण आत कपडे अडकवायला दांडीच नाही. हे कसलं कपाट? ही दार लावलेली थाप आहे."

"अगं, लिहिता येईल असं बोल."

"मग लिहा, दांडी नाही. आणि ते बूट बघितलेत का? दोन्ही डाव्या पायाचे. बाहुली चालायला लागली तर गोल गोल फिरत बसेल."

कधी त्या नुसतं म्हणायच्या, "ह्या घरात कुणी राहत नाही." म्हणजे संच दिसायला देखणा, पण खेळायला कोरडा. आणि फार क्वचित, वर्षातून एखाद्या वेळी, म्हणायच्या, "ह्या घरात कुणीतरी राहतं." त्याच्या वर त्यांच्याकडे शाबासकी नव्हती.

हे मामांनी कधी लपवलं नाही. कचेरीच्या मोठ्या बाई सगळ्यांची तपासणी वाचायच्या. त्याही विचारायच्या, "मामींचं काय म्हणणं आहे?" मामांना त्यात कमीपणा वाटत नसे. तोडायचं काम माझ्याकडे, मांडायचं तिच्याकडे, असं ते हसून सांगायचे.

आता तो निम्मा भाग गेला.

शेवटचं सगळं पार पडलं. माणसं आली, बसली, गेली. घरात मुलगा, सून आणि नात होतीच. नातीला मामी भिंगरी म्हणायच्या, कारण ती चालत अशी नव्हतीच, फिरायची. मामी गेल्या त्या दुपारी भिंगरी आतल्या खोलीत झोपली होती. उठली तेव्हा शेजारीण तिच्यापाशी बसलेली होती आणि आजी नव्हती. ती फार रडली नाही. फक्त फिरायची थांबली. मशीनखाली जाऊन बसायला लागली.

सुनेने घर आवरलं. मशीनवर अर्धी राहिलेली कामं ज्यांची त्यांना नेऊन दिली. पाटावर मांडलेला बाहुलीच्या घराचा संच उचलून त्याच्या खोक्यात भरला आणि खोकं मामांच्या पिशवीपाशी ठेवलं. घरमुक्कामाला आलेला तो शेवटचा संच. टेबल, खुर्च्या, कपबशा, शेगडी आणि एक लाकडी पलंग. कारखान्याने तपासायला दोनच संच दिले होते. त्यातला एक कचेरीत ओढून, आपटून, खरवडून संपला होता, त्याचा पलंग दुसऱ्याच टेबलावर गेल्याने मामांच्या हाती आलाच नव्हता, आणि हा दुसरा.

मामांनी खोकं उघडलं नाही. मामींनी तो कसा मांडला होता ते त्यांनी पाहिलंही नव्हतं. आदल्या रात्री त्यांनी संच आणून दिला आणि सकाळी ते कामावर गेले. मामींनी तो मांडला तो ते गेल्यावरच.

कामावर रुजू झाल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना आत बोलावलं. आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "मामा, तुम्ही यंत्राचं काम बघा. खेळाच्या मताचं आपण दुसऱ्या कुणाला सांगू का? तुमच्या डोक्याला ताप नको."

"नको," मामा म्हणाले.

"रागावू नका. मी तुमच्या भल्याचंच..."

"रागावलो नाही बाई. पण ते काम तिचं होतं. ते दुसऱ्याकडे गेलं की घरी गेल्यावर बोलायला काय उरलं?"

घरी आता कुणाशी बोलणार, हे त्यांनी विचारलं नाही. "बरं. हा संच तुम्ही करा," त्या म्हणाल्या. "मग बघू."

मग बघू म्हणजे काय, ते मामांना कळलं. ह्या संचाचं मत नीट उतरलं तर मामींचा भाग मामांकडे राहणार, नाहीतर जाणार.

घरमुक्काम अर्धा राहिला होता, म्हणून संच कचेरीतल्या खेळखोलीत मांडला. आसपासच्या घरांतली मुलं तिथे यायची. मामा कोपऱ्यात ठेंगण्या स्टुलावर बसले. त्यांच्या गुडघ्यांना ते स्टूल कधीच झेपलं नव्हतं. मामी असत्या तर म्हणाल्या असत्या, उंटाला पाळण्यात बसवलंय.

मुलांनी आधी कपबशा घेतल्या. मग शेगडी. मग एका मुलीला पलंग सापडला, आणि त्यानंतर कुणीच कपबशांकडे बघेना. पलंगावर गादी होती. राखाडी कापडाची, चौफेर टीप घातलेली, डोक्याकडे जराशी उंच. त्या मुलीने बाहुलीला निजवलं, उचललं, पुन्हा निजवलं. दुसरीने आपल्या बाहुलीला जागा मागितली.

"एवढ्याशा पलंगावर दोघी कशा मावतील?"

"मावतील. माझी बारीक आहे."

"तुझी घोरते."

"तुझीच घोरते! आणि लाथा मारते!"

शेवटी दोन्ही बाहुल्या एकीच्या डोक्याशी दुसरीचे पाय अशा झोपल्या, आणि दोघी मुली पोटावर पडून त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना थोपटायला लागल्या. घ्यायला आलेल्या आयांना ताटकळत उभं राहावं लागलं.

मामा बघत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. त्यांना वाटलं, मला दिसतंय. ती जे बघायची ते मला दिसतंय.

पलंगाला बोट अडकेल असं भोक आहे का, ही तपासणी तेवढी राहिली होती. तिच्यासाठी मामांकडे दोन काड्या होत्या, एक लहान मुलाच्या बोटाएवढी बारीक आणि एक जाड. नियम सोपा होता. भोकात बारीक काडी जात असेल, तर जाड काडीही गेली पाहिजे. बारीक गेली आणि जाड अडली, म्हणजे त्या भोकात मुलाचं बोट जाईल आणि सुजलं की बाहेर येणार नाही. असा संच नापास. मामांनी पलंग हातात घेतला. बारीक काडी गादीवर टेकली, आत गेली नाही. दुसरीकडे टेकवली, तिथेही नाही. खालच्या बाजूने तळही गादीला जोडून शिवलेल्या कापडाने बंद होता. भोक लागलंच नाही. पास.

त्यांनी मत लिहिलं. खेळाच्या रकान्यात त्यांनी मामींचं वाक्य लिहिलं: ह्या घरात कुणीतरी राहतं.

मोठ्या बाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "मामा, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मामींनी हेच म्हटलं असतं."

रंगूताईने त्यांच्यासाठी आपणहून चहा सांगितला. "बघा, मी म्हणत नव्हते? मामा नुसते तोडणारे नाहीत. आतून मऊ आहेत. फक्त वरून कवडीची दया नाही."

"तू तुझा रंग घास."

"घासते की. तुमचा सुटतोय का तेवढं बघतेय."

मामा हसले. कारखान्याला निकाल कळला, आणि तिथे पहिला माल खोक्यांत भरायला घेतला.

त्या संध्याकाळी मामा घरी लवकर आले. भिंगरी मशीनखाली बसली होती. मशीनचा खालचा पायटा धरून हळूहळू हलवत होती, म्हणजे वरचं चाक फिरायचं. सून भाजी चिरत होती. मामा जमिनीवर बसले. पाय दुमडताना त्यांना दोनदा हात टेकावे लागले.

"भिंगरे, तुझा आणि आजीचा संच पास झाला बरं का. आता दुकानात येईल. तुला एक आणू?"

"नको."

"का गं? चांगला आहे की. कपबशा आहेत, पलंग आहे."

"पलंग नको. तो चावतो."

सून हसली. "पलंग कसा चावेल, बावळे?"

"चावतो. मला चावला." भिंगरीने पायटा सोडला. "मग आजीने त्याची तोंडं शिवून टाकली."

मामांना आधी काही उमगलं नाही. मुलं असं बोलतातच. पण ते वर्षानुवर्षं मुलांच्या खेळावर डोळ्यात तेल घालून बसलेले. मूल उगाच एखादी गोष्ट सांगतं तेव्हा ते इकडे-तिकडे बघतं. भिंगरी त्यांच्याकडेच बघत होती.

"कुठे चावला?"

तिने बोट पुढे केलं. पेराच्या खाली कातडीवर एक गोल, फिकट खूण होती. नीट बघितल्याशिवाय दिसली नसती.

"अगं, हे तर दारात सापडलं होतं ना?" सून म्हणाली. तिच्या हातातली सुरी थांबली. "बाबा, त्या दिवशी संध्याकाळी मला दिसलं होतं, सुजलेलं. मला वाटलं दारात सापडलं असेल. त्या दिवशी कुणाला विचारायचं सुचलंच नाही."

"दारात नाही," भिंगरी म्हणाली. "पलंगात. मी बाहुली झोपवत होते तेव्हा खालच्या भोकात बोट गेलं आणि येईनाच. मी रडले. आजीने साबण लावला. मग आलं. मग आजी पलंगाला म्हणाली, थांब, तुझं तोंडच शिवते. मग तिने गादी केली. शिवताना मला सुईत दोरा ओवायला दिला."

"आणि मग?"

"मग म्हणाली, आजोबा आले की त्यांना दाखवू, मग गादी उसवू. तोवर बाहुलीला झोपू दे. मग मी पण झोपले."

सुनेने तोंडाला पदर लावला आणि ती आत गेली. मामा तिथेच बसून राहिले. भिंगरीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "तुम्ही उसवली का?"

"नाही," मामा म्हणाले.

रात्री मामांनी ताट तसंच बाजूला सारलं. मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या शांतपणे बघू. कदाचित भोकं तेवढी वाईट नसतीलही. लहान मूल काय, राईचा पर्वत करतं."

"बोट तिचं होतं," मामा म्हणाले. "राई असली तरी तिच्या बोटाला लागली."

मुलाला एवढंच दिसत होतं, की वडिलांनी आईवाचून केलेलं पहिलं काम चांगलं झालं होतं, आणि आता तेच ते स्वतःच्या हाताने मोडायला निघाले होते. मामांनाही तेच दिसत होतं. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. मुलीने पलंग चावतो म्हटलं तर घरोघरी आया हसल्या असत्या, त्यांची सून हसली तशाच. आणि मामींचा भाग मामांकडे राहिला असता.

सकाळी कचेरी उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. कपाटातून पलंग काढून त्यांनी खिडकीशी नेला. आता त्यांनी तो पाहिला. आदल्या दिवशी हातात होता तेव्हा पाहिला नव्हता, हे त्यांना आता कळलं. कापड कोटाच्या अस्तराचं होतं. शेजारच्या गल्लीतल्या शिक्षकाचा कोट दुरुस्तीला होता, त्याचं उरलेलं. टीप हाताची होती, यंत्राची नव्हती, पण इतकी सरळ की यंत्राला लाज वाटावी. दोऱ्याचं टोक कुठे संपतं ते शोधावं लागत होतं, कारण मामी गाठ मारत नसत. शेवटचे टाके त्या परत उलट घालायच्या आणि दोरा आत ओढून घ्यायच्या. गाठ अंगाला टोचते, म्हणायच्या. इतकी वर्षं मामांच्या सदऱ्याला त्यांनी एकही गाठ टोचू दिली नव्हती.

आणि मामांनी ती टीप कारखान्याची समजून तिच्यावर काडी टेकवली होती. ह्या घरात कुणीतरी राहतं, हे वाक्य खोटं नव्हतं. पण ते संचाबद्दल नव्हतं.

मोठ्या बाई आल्या तेव्हा मामा त्यांच्या टेबलासमोर उभे होते. त्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "नात आता बरी आहे ना?" मग त्यांनी कारखान्याला फोन लावला आणि त्याचा आवाज मोठा केला, म्हणजे मामांना ऐकू यावं. रंगूताईही दारात येऊन उभी राहिली.

कारखान्याचा माणूस सकाळीच खुशीत होता. "बोला बाई! मामांना माझा नमस्कार सांगा. काय वाक्य लिहिलंय! आम्ही ते खोक्यावरच छापतोय."

"एक विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या पलंगाबरोबर गादी येते का?"

"गादी? कसली गादी? नाही हो. बाहुलीला काय मऊ आणि काय कडक? उगाच कामगाराचा वेळ जातो."

"मग तळ उघडाच?"

"उघडा म्हणजे भोकांचा. जाळीसारखा. दिसायला छान दिसतो. आणि हवा खेळती राहते."

"बाहुलीला हवा?" रंगूताई दारातून म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं आणि फोनवर त्याला सांगितलं, काय झालं ते. मग त्या माणसाचा सूर बदलला.

"म्हणजे तुमच्याच माणसाच्या घरी आमच्या संचावर शिवणकाम झालं, आणि आता दोष आमचा? नियमाने संचाला काही जोडायचं नसतं ना? आणि पुरावा काय, तर एका पोरीचं बोट! माल भरून तयार आहे, बाई. नवा संच पाठवतो, तो तपासा."

बाईंनी फोनवर हात ठेवला आणि मामांकडे पाहिलं. "नवा मागवू या का, मामा? म्हणजे ह्याला हात लावायला नको. हा तुम्ही घरी ठेवा."

मामांना क्षणभर तसंच करावंसं वाटलं. फार वाटलं. पण ते म्हणाले, "बाई, नवा येईल तो भोकं बुजवून येईल. तो पास होईल आणि भरलेला माल जाईल तसाच. आपल्याकडे त्यांचा न बदललेला पलंग हा एकच आहे. गादीखाली."

बाईंनी फोनवरचा हात काढला. "तपासणी आमच्याकडच्या संचावरच होईल. दुपारपर्यंत कळवते. तोवर माल हलवू नका."

रंगूताई पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता. "मामा, द्या इकडे. मी उसवते. तुम्ही बाहेर जाऊन या."

"नको गं. तुला दोरा सापडायचा नाही. गाठ नाहीये."

ते आपल्या टेबलावर बसले. बारीक चिमटा घेतला, पातं घेतलं. पायाकडच्या बाजूने सुरुवात केली. शेवटचे उलटे टाके होते ते आधी सोडवावे लागले. प्रत्येक टाका पात्यावर घेऊन थोडा उचलायचा, मग कापायचा. सगळी कचेरी कामात होती आणि कुणीच काम करत नव्हतं. दोऱ्याचे तुकडे त्यांनी फुंकले नाहीत, एका बशीत गोळा केले. बाहुलीची नव्हती ती बशी, चहाची होती.

पायाकडची कड मोकळी झाली तशी त्यांनी वरची गादी आणि तळाचं कापड बोटाने दूर केलं. खाली भोकं होती, गोल, एका ओळीत, जाड लाकडात खोल पाडलेली. कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. देखणी होती. मामांनी बारीक काडी घेतली. ती आत गेली, पार गेली. मग जाड काडी लावली. ती कडेवर अडकली. त्यांनी दुसरं भोक पाहिलं, तिसरं पाहिलं. प्रत्येकात बारीक गेली आणि जाड अडली.

"बाई," त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली. "नापास."

बाईंनी स्वतः येऊन दोन्ही काड्या लावून बघितल्या. मग त्यांनी कारखान्याला फोन केला. ह्या वेळी आवाज मोठा केला नाही. आत दार लावून बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "माल थांबला. पलंग काढून बाकीचं परत भरतायत. भोकं बदलून नवा आला तर तो पुन्हा पहिल्यापासून तपासायचा."

"बरं झालं."

"मामा." त्या टेबलाच्या कडेला टेकल्या. "हे तुम्ही सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं, हे मला माहीत आहे. पण मत तुम्ही दिलं होतं, आणि समोरचं नीट न बघता दिलं होतं. थोडे दिवस खेळाचं मत रंगूताई देईल. नंतर आपण बोलू."

"बरोबर आहे," मामा म्हणाले.

रंगूताई म्हणाली, "मला नको ते. मला मूल ना बाळ, मी काय मांडणार?"

"मांड," मामा म्हणाले. "पाटावर मांड आणि शेजारी दुसरं काहीतरी काम घेऊन बस. नुसतं संचाकडे बघत बसलं की काही दिसत नाही. ती भाजी निवडायची, टीप घालायची, आणि मध्येच मान वर करून म्हणायची, दांडी नाही."

"आणि दिसलं नाही तर?"

"तर माझ्या घरी आण. भिंगरी आहे."

त्यांनी मत बदलून लिहिलं. खेळाच्या रकान्यातलं वाक्य त्यांनी खोडलं आणि तिथे पलंगाबद्दल जे होतं ते साध्या शब्दांत लिहिलं, लिहिता येईल असं. शेवटी बोट कुणाचं अडकलं, कुणी सोडवलं आणि भोकं कुणी झाकली, तेही लिहिलं. मामींचं नाव त्यांच्या तपासणीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा आलं.

घरी गेल्यावर त्यांनी भिंगरीला सांगितलं की तो पलंग आता दुकानात जाणार नाही. तिने विचारलं, त्याला शिक्षा झाली का. मामा म्हणाले, झाली. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "फार नका करू. आजीने नीट शिवलं होतं, मग तो चावला नाही." मग ती मशीनखालून बाहेर आली आणि तिने आईकडे पाणी मागितलं.

कचेरीचा नियम असा आहे, की घरमुक्कामाहून आलेला संच जसा आला होता तसा करून कपाटात ठेवायचा. टेबल, खुर्च्या, कपबशा, शेगडी हे सगळं कपाटात गेलं आहे. पलंग मामांच्या टेबलाच्या खणात आहे. मोठ्या बाईंना ते माहीत आहे आणि त्या विचारत नाहीत. पायाकडची कड तेवढी उसवली आहे. गादीच्या बाकीच्या तीन बाजू अजून उसवायच्या राहिल्या आहेत.